फळीवरचा कप आणि गॅलरीतला कप

वाचकाचे पत्र

मी ६४ वर्षांची आहे. एका सहकारी बँकेतून निवृत्त होऊन आता पुण्यात कोथरूडला राहते. आमच्या इमारतीत गेली सहा वर्षे एक कचरावेचक बाई रोज सकाळी दारोदार कचरा गोळा करायला येते. तिला मी जवळजवळ रोज चहा देते, दिवाळीला फराळ देते, माझ्या जुन्या साड्या देते आणि घरात उरलेले चांगले अन्न टाकून न देता तिला बांधून देते. तिच्या चहाचा स्टीलचा कप गॅलरीच्या कट्ट्यावर असतो. चहा झाला की ती तो नळाखाली विसळून पुन्हा तिथेच पालथा घालते.

जानेवारीत घरी पाहुणे मुक्कामाला होते. सकाळी चहाला कप कमी पडले म्हणून सुनेने गॅलरीतला तो कप आत आणला, तेव्हा माझ्या तोंडून मोठ्याने निघून गेले, "तो नको, तो बाहेरचा आहे." ती बाई त्या वेळी दारातच उभी होती. त्या दिवसापासून ती चहा घेत नाही. "नको ताई, पित्त होतं," एवढेच म्हणते. मी तिच्यासाठी मुद्दाम चांगला चिनी मातीचा नवा मग आणला, तरीही तिने नकारच दिला. मी आयुष्यात कुणाची जात विचारलेली नाही. माझा प्रश्न स्वच्छतेचा होता. सून मात्र म्हणते की मी जे करते ती शिवाशिवच आहे. मला रात्री झोप लागत नाही. आपण करतो त्या लहानसहान गोष्टींना काही किंमतच नसते का? मी तिची माफी मागू का? पुढच्या संक्रांतीला तिला हळदीकुंकवाला बोलावले तर तिला बरे वाटेल का?

— एक वाचक, पुणे

उत्तर

ताई, अशा प्रसंगांची पत्रे लिहिताना माणसे सहसा स्वतःच्या तोंडचे नेमके वाक्य गाळतात आणि "काहीतरी गैरसमज झाला" असे लिहून पुढे जातात. तुम्ही ते वाक्य जसेच्या तसे लिहिले आहे, त्यामुळे मलाही आडपडदा न ठेवता लिहिता येईल.

त्या वाक्यामुळे तिने चहा सोडला, असे तुम्हाला वाटते. माझे मत थोडे वेगळे आहे. तुमच्या वाक्याने तिला कोणतीही नवी माहिती दिली नाही. गॅलरीतला कप सहा वर्षे रोज सकाळी तिला तेच सांगत होता आणि ती तो विसळून, पालथा घालून, ऐकून घेत होती. मात्र जोवर कुणी ते मोठ्याने बोलत नव्हते तोवर तिला एक सोय होती: बाईंना गॅलरी जवळ पडते, आपण घाईत असतो, म्हणून कप तिथे आहे, असे मानून तिला चहा पिता येत होता. चार पाहुण्यांसमोर त्या कपाचे नाव "बाहेरचा" असे ठरल्यावर तो चहा पिणे म्हणजे ते नाव मान्य करणे झाले असते. ते तिने नाकारले आणि तुम्हाला दुखवायचे नाही म्हणून पित्ताचे निमित्त पुढे केले. या साऱ्या प्रकरणात सौजन्याने कोणी वागले असेल, तर ते तिने.

आता नव्या मगाविषयी. तुम्ही दुकानात गेलात, निवड केली, पैसे खर्च केले, आणि तरी ती नाही म्हणाली याचे तुम्हाला वाईट वाटले, हे समजण्यासारखे आहे. पण तो मग तुम्ही घरातल्या मांडणीवर ठेवला की पुन्हा गॅलरीत, हे पत्रात लिहिलेले नाही, आणि "तिच्यासाठी मुद्दाम" या दोन शब्दांवरून मला उत्तराचा अंदाज येतो. कप स्टीलचा आहे की चिनी मातीचा, ही तिची तक्रार कधीच नव्हती. घरातल्या बाकीच्या कपांत तो मिसळता येत नाही, ही खरी अडचण होती. महाग मगाने ती अडचण अधिकच उठून दिसते.

तुम्ही स्वच्छतेचे कारण दिले आहे आणि ते मनापासून दिले आहे असे मी मानते, म्हणून ते तपासून पाहू. तिचे हात कचऱ्यात असतात, हे खरे. तो कचरा आपला असतो. तिच्या हाताला लागणारी प्रत्येक गोष्ट काल रात्रीपर्यंत आपल्या ओट्यावर किंवा न्हाणीघरात होती. हात धुवायला साबण आणि पाणी पुढे केले, तर स्वच्छतेचा प्रश्न तिथल्या तिथे मिटतो. त्यासाठी कपाला घराबाहेर राहावे लागत नाही. शिवाय तुमच्याकडे तुंबलेले मोरीचे गटार मोकळे करायला नळकाम करणारा येतो, तेव्हा त्याला चहा कशातून देता, हे आठवून पाहा. बहुतेक घरांत त्याला मांडणीवरचाच कप मिळतो, तो गेल्यावर धुतला जातो आणि पुन्हा मांडणीवर जातो. अनेक घरांत तर सकाळ-संध्याकाळ सारी भांडी ज्या बाईच्या हातून घासून निघतात, तिच्याच चहाचा कप त्या भांड्यांत बसत नाही. स्वच्छता हा खरा निकष असता तर असे घडले नसते. मग निकष काय होता? तुम्ही तो ठरवलेला नाही. तो तुम्हाला घरातून मिळाला, जसा तो मलाही मिळाला. माझ्या आजोळी मागच्या दाराच्या वळचणीला एक कान तुटलेली कपबशी असे, आणि ती कुणाची, हे आम्हा मुलांना कुणी शिकवल्याचे आठवत नाही, तरी आम्हाला पक्के माहीत होते.

"मी कुणाची जात विचारलेली नाही," हे वाक्य मला अनेक पत्रांत भेटते आणि लिहिणारा खरेच बोलत असतो. प्रश्न विचारण्याची गरजच पडत नाही, एवढी ती व्यवस्था मुरलेली आहे. पुण्यात कचरा वेचणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत आणि त्यांतल्या बहुसंख्य दलित समाजांतल्या आहेत. दुष्काळाने आणि बेकारीने गाव सोडलेली अनेक जातींची माणसे शहरात आली. पण कचऱ्याचे काम मात्र ठरावीक समाजांच्याच वाट्याला आले, हा योगायोग नव्हता. तुमच्या इमारतीतल्या बाईंची जात कोणती हे मला माहीत नाही, तुम्हालाही नाही, आणि ते शोधायचे कारणही नाही. कप मात्र माहीत असल्यासारखा गॅलरीत जाऊन बसला.

तुम्हाला वाटेल, एका कपावरून एवढे कशाला. आपल्याकडे माणुसकीचा हिशेब पाण्यावरून आणि भांड्यावरूनच होत आला आहे, म्हणून. तुमच्याच शहरात, गंज पेठेत, जोतीराव फुले यांनी १८६८ साली आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य ठरवलेल्यांसाठी खुला केला. वरवर पाहता ती एका घरापुरती, लहानशी कृती होती. त्यांनी कुणाला घरी पाणी पोहोचवले नाही किंवा वेगळा रांजण भरून ठेवला नाही. जो हौद स्वतःचा होता त्यातूनच घ्या म्हणाले, आणि म्हणून ती गोष्ट अजून सांगितली जाते. पुढे १९२३ साली मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव संमत होऊन सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले झाले, महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तरी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यासोबतचे हजारो लोक त्या तळ्यावर चालत जाऊन पाणी प्यायले, तोपर्यंत कागदावरच्या परवानगीतून ओंजळभर पाणीही कुणाला मिळाले नव्हते. नंतर ते तळे शेणगोमूत्राने "शुद्ध" करण्यात आले आणि न्यायालयातला वाद १९३७ पर्यंत चालला. पाणी काही तिथेच तेवढे होते असे नाही. आपणही इतरांसारखी माणसे आहोत हे त्या पाण्यावरून ठरणार होते, आणि बाबासाहेबांनी महाडला ते स्पष्ट शब्दांत सांगितलेही होते.

त्याच महाडच्या परिषदेत त्यांनी आपल्या लोकांना आणखी एक गोष्ट सांगितली: मेलेल्या जनावराचे मांस खाणे सोडा आणि लोकांचे शिळेपाके, उष्टे तुकडे घेणे सोडा. तुम्ही उरलेले अन्न बांधून देता, त्या संदर्भात हे मुद्दाम लिहिते आहे. तुमचे अन्न चांगले असते, याविषयी मला शंका नाही. पण ज्या घरांत तीन-चार पिढ्यांपूर्वी दारोदार भाकरीचे तुकडे मागून आणणे हा कामाचा मोबदला समजला जात होता, तिथे पिशवीत बांधलेली कालची भाजी केवळ भाजी राहत नाही. अन्न वाया जाऊ नये ही तुमची चिंता योग्य आहे, तर ते दुपारी तुम्हीच खा किंवा कमी शिजवा. तिला द्यावेसे वाटले, तर तुमच्या ताटात वाढायच्या आधीचे, त्या दिवशीचे द्या, आणि घेणार का हे आधी विचारा.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या कलम १७ ने अस्पृश्यता नाहीशी केली आणि १९५५च्या कायद्याने हॉटेलांत, धर्मशाळांत ठेवलेली भांडी जातीवरून कुणाला नाकारणे हा गुन्हा ठरवला. चहाच्या हॉटेलांच्या दारातल्या वेगळ्या कपबश्या त्या कायद्याच्या डोळ्यांसमोर होत्या. तुमच्या-माझ्या गॅलरीत कोणता कप आहे हे पाहायला मात्र कुणी निरीक्षक येत नाही, आणि म्हणूनच ते काम आपल्यावर येऊन पडते.

आता तुमच्या प्रश्नांकडे वळते. माफी मागावी का? मागावी, पण एका वाक्यात. "त्या दिवशी मी कपाबद्दल जे बोलले ते चुकीचे होते, तुम्हाला ते ऐकावे लागले याचे मला वाईट वाटते," एवढे तिच्याकडे पाहून बोला आणि थांबा. आपल्या लहानपणीचे संस्कार, आपला हेतू, आपली न झालेली झोप, हे तिला सांगू नका. त्यात खोटे काही नाही, परंतु ते सांगितले की तुमची समजूत घालण्याचे काम तिच्यावर पडते, आणि तिला अजून तीन मजले आणि पुढच्या दोन इमारती करायच्या असतात. ती कदाचित "जाऊ द्या ताई" म्हणेल, कदाचित काहीच म्हणणार नाही. दोन्ही उत्तरे पुरेशी समजा. डोळ्यांत पाणी आणून तिचा हात हातात घेण्याचा मोह झाला तर तो आवरा. तसे केल्याने हलके वाटेल ते तुम्हाला.

माफीच्या वाक्यात मी तिला "तुम्हाला" असे म्हटले, हे तुमच्या लक्षात आले असेल. तुमच्या पत्रात ती सर्वत्र "ती" आहे, आणि मराठीत "ती" जवळिकीनेही म्हणतात, हे मला ठाऊक आहे. मीही या उत्तरात तिला "ती"च म्हणत आले आहे. प्रत्यक्ष बोलताना मात्र ती तुम्हाला "ताई, तुम्ही" म्हणत असेल आणि तुम्ही तिला "अगं, तू" म्हणत असाल, तर त्या जवळिकीत दोघींचा वाटा सारखा नाही. सहा वर्षांची सवय एका दिवसात बदलली तर तिलाही अवघडल्यासारखे होईल, हे खरे. चार दिवस अवघडल्यासारखे होऊ द्या.

कपाचे काय करायचे, ते तर तुम्हाला कळलेच असेल. स्टीलचा कप घासून मांडणीवर बाकीच्या कपांत ठेवा आणि उद्यापासून त्यातून तुम्हीही चहा प्या. नवा मगही तिथेच ठेवा, ज्याच्या हाती येईल त्याने घ्यावा. हे कुणाला दाखवण्यासाठी करायचे नाही, तिला तर मुळीच नाही. चहाचा आग्रह आता करू नका. काही आठवडे जाऊ द्या, मग एखाद्या दिवशी सहज विचारा, "चहा टाकतेय, वेळ आहे का?" नाही म्हणाली तर नाही. आणि हेही ध्यानात असू द्या की तिला खरोखरच पित्त होत असेल. सकाळी उपाशीपोटी दहा घरचा गोड चहा मिळाला तर कुणाला होणार नाही? नको म्हणण्याचा हक्क तिला कारण न देताही आहे, आणि आपण दिलेले घेतलेच पाहिजे अशी अपेक्षा, ही देणाऱ्याच्या मनातली फार जुनी खोड आहे. उन्हाळ्यात तिला चहापेक्षा गार पाण्याची बाटली अधिक उपयोगी पडेल. तीही घरातलीच, प्लास्टिकची वेगळी ठेवलेली नको.

तुम्ही विचारता, लहानसहान गोष्टींना किंमत नसते का. असते, आणि पुष्कळ असते, फक्त ती कुठे असते ते आपण चुकीच्या जागी शोधतो. चहा दहा मिनिटांचा. कचऱ्याची पिशवी तिच्या हातात रोज येते. तुमच्या घरातला ओला कचरा एका डब्यात आणि सुका दुसऱ्यात असतो का, हे पत्रात नाही. २०१६च्या घनकचरा नियमांनी हे वर्गीकरण करण्याची जबाबदारी कचरा निर्माण करणाऱ्यावर, म्हणजे आपल्यावर टाकली होती. तरी भाताच्या शितांत भिजलेला पुठ्ठा आणि आमटी लागलेले प्लास्टिक वेगळे काढत कचरावेचक बायका रस्त्याच्या कडेला तासन् तास बसलेल्या दिसतात. त्यांचे उत्पन्न दोन ठिकाणांहून येते: घरटी मिळणाऱ्या शुल्कातून आणि वेचलेले भंगार विकून. भिजलेल्या पुठ्ठ्याला भाव येत नाही. म्हणजे तुम्ही सुका कचरा कोरडा ठेवलात, तर तो थेट तिच्या पैशाच्या पुरचुंडीत जातो, आणि त्यासाठी तिला तुमचे आभारही मानावे लागत नाहीत. दुधाची पिशवी कापताना कोपऱ्याचा तुकडा पूर्ण तोडू नका, पिशवीलाच लोंबता ठेवा, कारण तेवढासा तुकडा कुणालाही वेचता येत नाही. पिशवी पाण्यातून काढून वाळवा. फुटलेली काच, दाढीचे पाते, इंजेक्शनची सुई, या वस्तू जाड कागदात गुंडाळून, वर ठळक लिहून, शक्य तर तिच्या हातात सांगून द्या. सुनेला किंवा नातीला लागणारी सॅनिटरी पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा. ही लाल ठिपक्याची खूण पुण्यातल्या कचरावेचकांनीच मोहीम काढून सुचवली होती, कारण पिशवी उघडल्यावर आत काय निघेल हे त्यांना उघडण्याआधी कळायला हवे होते. दुसऱ्याच्या रक्ताला उघड्या हाताने स्पर्श करावा लागू नये, ही मागणी त्यांना मोहीम काढून करावी लागली, हे वाचून मी कितीतरी वेळ तशीच बसून राहिले होते. रद्दी मात्र तुम्ही स्वतः विकून पैसे घेत असाल तर खुशाल घ्या, त्यात अपराधी वाटण्याचे कारण नाही. दयेचा विषय नसलेल्या गोष्टींत दया आणू नये.

तिचे महिन्याचे शुल्क तुम्ही वेळेवर देता, असे मी गृहीत धरते. तुमच्या मजल्यावरचे सगळे देतात का, हे एकदा पाहा. "उद्या ये", "सुटे नाहीत", "साहेब घरी नाहीत" असे ऐकत एका लहान रकमेसाठी तीन-तीनदा बेल वाजवावी लागणे, हा अपमान चहाने भरून निघत नाही. तुम्ही बँकेत होता. महिन्याच्या पहिल्या तारखेला मजल्यावरच्या सर्व घरांची रक्कम एकत्र करून तिच्या हाती देणे तुम्हाला अवघड जाणार नाही, आणि शेजाऱ्यांना टोकायला निवृत्त बँक कर्मचाऱ्याइतके योग्य माणूस दुसरे नाही.

याहून अवघड गोष्ट सोसायटीच्या सभेत आहे. सकाळी सातला घरून निघालेली बाई दुपारपर्यंत रस्त्यावर असते आणि बहुतेक इमारतींत तिला स्वच्छतागृह वापरू देत नाहीत, म्हणून या कामातल्या अनेक बायका पाणीच कमी पितात. त्याचे परिणाम काय होतात ते कोणत्याही बाईला सांगावे लागू नये. तुमच्या इमारतीत पहारेकऱ्यासाठी तळमजल्यावर संडास असेल. तो तिला, घरकामाच्या बायकांना आणि सामान पोहोचवणाऱ्या मुलांना वापरता यावा, तिथे साबण असावा, कचरा वेगळा करायला सावलीत थोडी जागा असावी आणि उद्वाहनातून जायला तिला कुणी अडवू नये, हे विषय तुम्ही पुढच्या सभेत लेखी मांडा. विरोध होईल. कुणी वासाचे कारण देईल, कुणी सुरक्षेचे, कुणी देखभालखर्चाचे, आणि एखादा गृहस्थ "आज चहा दिला, उद्या डोक्यावर बसतील" असेही म्हणेल. त्या सभेत तुम्हाला एकटे वाटेल. गॅलरीतल्या कपाबद्दल जी अस्वस्थता तुम्हाला झोपू देत नाही, ती तिथे कामाला येईल. मला विचाराल, तर त्या संडासाची किल्ली ही सहा वर्षांच्या चहाहून मोठी भेट आहे.

साड्यांविषयी थोडक्यात. एकदा मी स्वतः एका बाईंना कपड्यांचे गाठोडे मोठ्या समाधानाने दिले होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्यातला एक झंपर परत आणून दिला आणि शांतपणे म्हणाल्या, "याला हुक नाहीत, तुमच्याकडे राहिले असतील." मी ते हुक कधीकाळी दुसऱ्या झंपराला लावण्यासाठी काढून घेतले होते. त्यांनी टोमणा मारला की सरळ मनाने विचारले, हे मला अजून कळलेले नाही, पण तेव्हापासून कुणालाही कपडा देण्याआधी मी एक पाहते: हाच कपडा मी माझ्या जावेला असा देऊ शकले असते का? जावेला देताना आपण धुतो, इस्त्री करतो, "तुला आवडेल का" असे विचारतो, आणि तिने नको म्हटले तर तोंड पाडत नाही.

आणखी एक गोष्ट. दीड पानाच्या पत्रात तिचे नाव कुठेही नाही. कदाचित ओळख लपवण्यासाठी तुम्ही ते गाळले असेल. तसे असेल तर पुढचे चार शब्द सोडून द्या. माहीत नसेल, तर सहा वर्षांनी विचारायचा संकोच करू नका, आणि फारच संकोच वाटला तर तिच्या गळ्यातले ओळखपत्र वाचा. ते ओळखपत्र तिला सहज मिळालेले नाही. कचरा वेचणाऱ्या बायकांकडे चोर म्हणून पाहिले जाई, कधीही हटकले जाई. १९९३ साली पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना उभी राहिली, त्यात डॉ. बाबा आढाव यांच्यासारखे कार्यकर्ते होते, आणि महापालिकेने मान्य केलेले ओळखपत्र त्यांनी भांडून मिळवले. त्यातूनच पुढे "स्वच्छ" ही सहकारी संस्था निघाली आणि २००८पासून दारोदार कचरा गोळा करण्याचे काम या बायका महापालिकेशी करार करून करू लागल्या. म्हणजे तुमच्या दारात येणारी बाई ही नागरी सेवा देणारी कामगार आहे, हे ते ओळखपत्र सांगते. फक्त नाव विचारताना ते पहिल्या नावापाशी थांबवा. "पूर्ण नाव काय", "गाव कोणते", "तुमच्यात काय करतात" हे प्रश्न आपण गप्पांच्या ओघात विचारतो, पण महाराष्ट्रात आडनाव विचारणे म्हणजे काय विचारणे असते, हे विचारणाऱ्यापेक्षा सांगणाऱ्याला नेमके कळते. तिने आपण होऊन सांगितले तर ऐका आणि चेहरा आहे तसाच राहू द्या.

सुनेचे म्हणणे शब्दाने कठोर आहे, परंतु चूक आहे असे मला म्हणता येत नाही. तरी तो कप आत आणणारी तीच होती, हे विसरू नका. तिला हे उत्तर दाखवा आणि सभेला सोबत न्या.

राहिले हळदीकुंकू. तिथे मी तुम्हाला थोडे थांबायला सांगेन. तिच्या घरी हळदीकुंकू करतात की नाही, हे तुम्हाला माहीत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांसोबत लाखो लोकांनी बौद्ध धम्म स्वीकारला आणि त्यानंतर अनेक घरांनी हे विधी जाणीवपूर्वक सोडले. अशा घरातल्या बाईला वाकून कुंकू लावायला जाणे म्हणजे पुन्हा एकदा न विचारता दिलेला चहाच. ती विधवा असेल, तर आपल्याच रिवाजाने तिला दारातून परत पाठवायचे की रिवाज मोडायचा, हा प्रश्न उभा राहील, आणि माझ्या मते तो रिवाज मोडण्याला तिच्या निमित्ताची वाट पाहू नये. संक्रांत अजून दूर आहे. तोवर तुमचा तिच्याशी परिचय कचऱ्याच्या डब्यापलीकडे गेला, तर कशासाठी बोलवायचे आणि बोलवायचे का, हे तुम्हाला आपोआप उमगेल. बोलावलेत, तर इतर बायकांना बोलावता तसे आठ दिवस आधी बोलवा, तिचे काम आटोपून आंघोळ करून यायला जमेल अशी संध्याकाळची वेळ ठरवा, आल्यावर सोफ्यावर जिथे जागा असेल तिथे बसू द्या, आणि ती आल्याचे कौतुक चारचौघींत करू नका. तिळगूळ सगळ्यांना एकाच डब्यातून द्या. वाण लुटायला यंदा काय आणणार आहात ते मला माहीत नाही, पण चहाचे कप आणणार असाल, तर तिच्यासाठी निराळा काढून ठेवू नका.